ग्रॅहम ग्रीन : प्रेमात पडलेल्यांना देव का आडवा येतो?

१९२५ साली ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या, पुढे इंग्रजीतला नामवंत कादंबरीकार झालेल्या ग्रॅहम ग्रीनला एका अनोळखी मुलीचं पत्र आलं. कॅथलिक लोक मेरीमातेची पूजा करतात, असं त्याने एका लेखात सहज लिहून टाकलं होतं. मुलगी कॅथलिक होती. तिने कळवलं, की पूजा फक्त देवाची होते. मेरीला मान दिला जातो, आणि धर्मशास्त्रात या दोन गोष्टी साफ वेगळ्या आहेत. एवढ्याशा फरकासाठी कुणी पत्र लिहायला बसतं याचंच ग्रीनला नवल वाटलं. तो तिला भेटला आणि पार बुडाला. तिचं नाव व्हिव्हियन.

ग्रीन तेव्हा पक्का नास्तिक होता. पण जिच्याशी लग्न करायचं तिचा धर्म निदान समजून तरी घ्यावा, म्हणून नॉटिंगहॅमच्या एका वर्तमानपत्रात उमेदवारी करताना तो फादर ट्रॉलप नावाच्या धर्मगुरूकडे जाऊ लागला. हे फादर पूर्वी रंगभूमीवर नट होते. कधीकधी त्यांची चर्चा ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसूनही चाले. ग्रीनला मेरी, पोप किंवा चमत्कार यांची अडचण नव्हती. मुळात देव आहे, हेच पटत नव्हतं. तरी फेब्रुवारी १९२६ मध्ये त्याने दीक्षा घेतली. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव निवडलं थॉमस, आणि तेही विद्वान संत थॉमसचं नव्हे. येशू पुन्हा जिवंत झालाय यावर जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या त्या शंकेखोर थॉमसचं.

म्हणजे ग्रीनच्या बाबतीत क्रम असा: आधी मुलगी, मग देव. १९२७ मध्ये लग्न झालं. पुढे त्याच्या आयुष्यात इतर स्त्रिया आल्या तेव्हा ज्या चर्चमध्ये तो एका स्त्रीच्या ओढीने शिरला होता, तेच चर्च वाटेत उभं राहिलं. त्याच्या चार गाजलेल्या कादंबऱ्या, 'ब्रायटन रॉक', 'द पॉवर अँड द ग्लोरी', 'द हार्ट ऑफ द मॅटर' आणि 'द एंड ऑफ द अफेअर', या कोंडीतून वाचल्या की उलगडतात. 'श्रद्धा विरुद्ध वासना' असा सामना तिथे रंगलाय असं सरधोपटपणे सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. या दोन्ही गोष्टी ग्रीनकडे एकाच ठिकाणाहून निघतात, माणसाच्या न भागणाऱ्या गरजेतून. आणि चर्चचे नियम या गरजेला कथानक पुरवतात.

हे नियम माहीत नसतील, तर ग्रीनची पात्रं विनाकारण डोक्याला ताप करून घेताहेत असं वाटत राहतं. म्हणून आधी ते समजून घेऊ. कॅथलिक माणसाच्या हातून मोठं पाप, म्हणजे महापाप, घडलं तर देवाशी असलेलं त्याचं नातं तुटतं, आणि तसाच मेला तर नरक. सुटकेचा मार्ग म्हणजे पापनिवेदन, कन्फेशन. धर्मगुरूपुढे पाप सांगायचं, त्याबद्दल खरा पश्चात्ताप हवा, आणि पुन्हा ते करणार नाही असा निर्धार हवा. ही शेवटची अट महत्त्वाची. 'चुकलो, पण सोडणार नाही' असं म्हणणाऱ्याला क्षमा मिळत नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीत, प्रसाद म्हणून मिळणारा भाकरीचा तुकडा हे श्रद्धावंतासाठी प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असतं. महापाप अंगावर असताना ते घेणं हे आणखी एक महापाप. या कादंबऱ्यांच्या काळी हा प्रसाद घेण्याआधी मध्यरात्रीपासून निरंकार उपास धरावा लागे. जोडीदार जिवंत असेतो लग्न एकदाच, घटस्फोट मान्य नाही. आणि धर्मगुरू स्वतः कितीही पापी असला, तरी त्याने केलेला संस्कार खरा ठरतो, कारण संस्काराची ताकद त्याच्या चारित्र्यात नसतेच.

प्रेमकथेला अडसर लागतो. पूर्वी जात, घराणं, आईवडील हे काम करायचे. विसाव्या शतकातल्या लंडनमध्ये कुणी कुणाबरोबर राहिलं तर शेजारी चार दिवस कुजबुजणार आणि विसरणार. ग्रीनला अडसर मिळाला तो असा: पात्राच्या मनातच एक न्यायालय बसलंय आणि तिथल्या शिक्षेची मुदत अनंतकाळ आहे.

१९३८ च्या 'ब्रायटन रॉक'मध्ये हे पहिल्यांदा ठळक दिसलं. (त्याच्या तीन वर्षं आधी याच ग्रीनने, तेव्हा फारसं कुणाला माहीत नसलेल्या आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'ला लंडनमध्ये प्रकाशक मिळवून दिला होता. मालगुडी जगापुढे आलं त्यात या माणसाचाही हात आहे.) पिंकी हा सतरा वर्षांचा गुंड. खुनाच्या प्रकरणात गोवू शकेल अशी एक साक्षीदार आहे, रोझ नावाची कोवळी वेट्रेस. बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, म्हणून तो तिच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न करतो. दोघंही कॅथलिक. चर्चच्या लेखी हे लग्नच नाही आणि आपण महापापात राहतोय, हे दोघांना पक्कं ठाऊक आहे. पिंकीला शरीरसंबंधाची किळस आहे. लहानपणी एकाच खोलीत आईबापांचा शनिवार रात्रीचा व्यवहार ऐकत तो वाढलाय. रोझ मात्र त्याच्यावर जीव टाकते, इतकी की तो नरकात जाणार असेल तर आपल्यालाही तिथेच जायचंय म्हणते.

समुद्रकिनाऱ्यावरच्या एका टपरीत पैसे टाकून आवाजाची रेकॉर्ड करून मिळते. रोझ हट्ट धरते, माझ्यासाठी काहीतरी बोल. पिंकी आत जातो आणि काचेआडून तिच्याकडे बघत रेकॉर्डवर तिला शिव्याशाप देतो. बाहेर उभ्या रोझला वाटतं, प्रेमाचंच काहीतरी बोलला असणार. ऐकायला ग्रामोफोन नाही, म्हणून ती रेकॉर्ड जपून ठेवते. शेवटी पिंकी मेल्यावर ती कन्फेशनला जाते, तेव्हा म्हातारा फादर तिला धीर देतो: त्याचं तुझ्यावर प्रेम असेल, तर त्याच्यात काहीतरी चांगलं होतं. आणि ती रेकॉर्ड ऐकायला घरी निघते. कादंबरी इथे संपते. पिंकीचा उद्धार आता त्याच्या प्रेमावर टांगलाय आणि प्रेमाचा एकमेव पुरावा त्या तबकडीवर आहे. याहून क्रूर शेवट मी तरी फार कमी वाचलेत.

१९३८ च्या सुरुवातीला ग्रीन मेक्सिकोत गेला. तिथे सरकारने चर्चविरुद्ध मोहीम उघडली होती. टबास्को राज्यात तर कहर झाला होता. चर्चं पाडली गेली, धर्मगुरूंना लग्न करायला भाग पाडलं गेलं, बाकीचे पळाले. तिथे एका माणसाने ग्रीनला एक किस्सा ऐकवला. तो मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी धर्मगुरूकडे गेला होता, तर धर्मगुरू झिंगलेला, आणि मुलाचं नाव ब्रिजिटाच, म्हणजे मुलीचं, ठेवायचं म्हणून हटून बसला. असला माणूस गेला तर काय बिघडलं, असा सांगणाऱ्याचा सूर होता. ग्रीनने नेमका तोच माणूस उचलला. १९४० मध्ये 'द पॉवर अँड द ग्लोरी' आली. नायक एक दारुडा धर्मगुरू, त्याला कादंबरीभर नाव नाही. राज्यात उरलेला जवळपास शेवटचा. पकडला गेला तर गोळी घालणार.

या धर्मगुरूला एक मुलगी आहे. एकटेपणाच्या एका रात्री ब्रँडीच्या नशेत मारिया नावाच्या बाईपाशी तो गेला, त्यातून झालेली. आता मघाचे नियम आठवा. त्याला पापाचा पश्चात्ताप व्हायला हवा. पण मुलीवर त्याचा असा जीव आहे की ती नसती तर बरं झालं असतं, असं त्याला म्हणवत नाही. पापाचं फळच इतकं लाडकं असेल तर पापाबद्दल वाईट वाटून कसं घ्यायचं? त्याच्या दृष्टीने त्याचा नरक ठरलेला आहे. तरी तो गावोगाव लपतछपत संस्कार देत फिरतो, कारण त्याने दिलेला प्रसाद खराच असतो. इतरांना स्वर्ग वाटत फिरायचा, स्वतःला मात्र नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. राज्यात दारूबंदी आहे आणि मिस्सेसाठी द्राक्षाचीच वाइन लागते. धर्मगुरू ओळख लपवून गव्हर्नरच्या एका नातलगाकडून हॉटेलच्या खोलीत चोरट्या मालातली एक बाटली वाइन आणि थोडी ब्रँडी मिळवतो. व्यवहार झाल्यावर तो नातलग म्हणतो, एक घोट होऊन जाऊ दे. धर्मगुरू ब्रँडी पुढे करतो; नातलगाला वाइनच हवी असते. नकार दिला तर संशय येणार. तेवढ्यात पोलीसप्रमुखही येतो. गप्पा, आग्रह, आणखी एक पेला. धर्मगुरू डोळ्यांसमोर बाटली उतरताना पाहत राहतो. शेवटी वाइन संपते, उरते ब्रँडी, जिचा मिस्सेला काही उपयोग नाही. तो रडायला लागतो, आणि बाकीच्यांना वाटतं याला चढली. धर्मशास्त्रावर पानंच्या पानं लिहून जे साधलं नसतं, ते ग्रीनने एका बाटलीवर साधलंय.

पुढे तुरुंगाची काळोखी, खच्चून भरलेली कोठडी आहे. कोपऱ्यात एक जोडपं अंधारात शरीरसुख घेतंय. एक सोवळी बाई संतापते, थांबवा म्हणते. धर्मगुरू तिला सांगायचा प्रयत्न करतो, की आपल्याला हे ओंगळ वाटतं, त्यांना ते सुंदर वाटत असेल. या कादंबरीत सर्वात कमी करुणा सर्वात धार्मिक बाईकडे आहे. ही कादंबरी रोमला झोंबली. १९५३ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपीठाने आक्षेप घेतला, वेस्टमिन्स्टरच्या कार्डिनलने ग्रीनला बोलावून पत्र वाचून दाखवलं. ग्रीनने पुस्तक बदललं नाही; हक्क प्रकाशकांकडे आहेत, असं कळवून मोकळा झाला. १९६५ मध्ये पोप सहावे पॉल त्याला भेटले. त्यांनी ही कादंबरी वाचली होती. तुमच्या पुस्तकांतल्या काही गोष्टी काही कॅथलिकांना दुखावणारच, तिकडे लक्ष देऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

दुसऱ्या महायुद्धात ग्रीन ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये होता. १९४८ ची 'द हार्ट ऑफ द मॅटर' तिथली. पोलीस अधिकारी स्कोबी प्रामाणिक आहे, कॅथलिक आहे, आणि कुणाचं दुःख त्याला बघवत नाही. बायको लुईझ दूर गेलेली असताना तो हेलनमध्ये गुंततो. बुडालेल्या जहाजातून वाचलेली ही एकोणीस वर्षांची विधवा किनाऱ्यावर आणली जाते तेव्हा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम छातीशी धरून असते. लुईझ परत येते आणि म्हणते, चल, दोघं मिळून मिस्सेला जाऊ, प्रसाद घेऊ.

इथून कादंबरी निव्वळ नियमांवर पळते. प्रसाद घ्यायचा तर आधी कन्फेशन, कन्फेशन म्हणजे हेलनला सोडण्याचा शब्द, आणि तो देता येत नाही. न घ्यावा तर बायकोला कळणार. पहिल्या खेपेला स्कोबी छातीत दुखतंय म्हणून सकाळीच ब्रँडीचा घोट घेतो. उपास मोडला, सुटका झाली. पण रोज कुठून छातीत दुखणार? तो फादर रँककडे जातो, खोटं वचन देत नाही, क्षमा न घेता परत येतो, आणि मग बायकोशेजारी गुडघे टेकून प्रसाद घेतो. त्याच्या समजुतीप्रमाणे त्या क्षणी त्याने स्वतःचा नरक पक्का केला. पुढे तो आत्महत्या करतो आणि ती हृदयविकारासारखी दिसावी म्हणून डायरीत आधीपासून खोट्या नोंदी करतो. इतरांना त्रास नको म्हणून.

जॉर्ज ऑर्वेलने या पुस्तकाची चांगलीच साल काढली. नरक म्हणजे फक्त कॅथलिकांना प्रवेश असलेला उंची नाइटक्लब आहे, असं या लेखकाला वाटत असावं, असा त्याचा टोमणा होता. त्याचा मुख्य मुद्दा जास्त बोचरा आहे: स्कोबीची नरकावर खरोखर श्रद्धा असती तर दोन बायकांची मनं जपायला त्याने तो पत्करला नसता. मला ऑर्वेलचं म्हणणं पटतं, पण त्याने पुस्तक पडत नाही. ग्रीनने स्वतःच नंतर लिहिलं, की स्कोबीची दया हा अहंकाराचाच प्रकार म्हणून दाखवायचा होता. वाचकांनी त्याला संत करून टाकलं. दया दाखवणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. स्कोबी देवावरही दयाच करतो, तिथेच त्याचं गणित फिसकटतं. कादंबरीची खरी उणीव माझ्या मते वेगळी आहे. आफ्रिकेत घडूनही आफ्रिकी माणसं तिच्यात कडेकडेनेच वावरतात.

१९४६ मध्ये कॅथरीन वॉल्स्टन नावाची विवाहित स्त्री कॅथलिक झाली. तिला ग्रीनच्या पुस्तकांनी भारावून टाकलं होतं; तिच्या विनंतीवरून तो तिचा धर्मपिता (गॉडफादर) झाला. मग दोघं एकमेकांत गुंतले. लवकरच ग्रीनने घर सोडलं, पण व्हिव्हियनशी घटस्फोट कधीच झाला नाही. तो मरेपर्यंत ती कायद्याने त्याची बायको होती. १९५१ ची 'द एंड ऑफ द अफेअर' कॅथरीनला अर्पण केलेली आहे. ब्रिटिश आवृत्तीत नुसतं आद्याक्षर, अमेरिकी आवृत्तीत 'कॅथरीन' हे नाव.

लंडनचं क्लॅपहॅम. कादंबरीकार बेंड्रिक्स आणि सेरा या विवाहितेचं प्रकरण चालू आहे. जून १९४४ मध्ये घराजवळ उडता बॉम्ब पडतो. सेराला उखडलेल्या दाराखाली त्याचा हात दिसतो; मेला असं समजून ती गुडघे टेकते आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्या देवाला सांगते: याला जगव, मी तुला मानेन, याला कायमची सोडेन. तेवढ्यात बेंड्रिक्स चालत खोलीत येतो. (ऑक्टोबर १९४० मध्ये ग्रीनचं क्लॅपहॅममधलं घर खरोखरच बॉम्बने उद्ध्वस्त झालं होतं. त्या रात्री तो घरी नव्हता, दुसऱ्या स्त्रीकडे होता.)

सेरा वचन पाळते आणि वचनावर चिडतेही. एका बुद्धिवादी वक्त्याकडे जाऊ लागते, देव नाही हे याने एकदा सिद्ध करून दिलं की आपण सुटलो, या आशेने. पण तो देवावर इतक्या त्वेषाने तुटून पडतो की तिला प्रश्न पडतो, नसलेल्या कुणाचा एवढा राग कसा येईल? शेवटच्या पत्रात ती बेंड्रिक्सला लिहिते, की श्रद्धा मला आजारासारखी लागलीय. प्रेमात पडले तशीच श्रद्धेत पडलेय. ग्रीनच्या सगळ्या लेखनाची किल्ली मला या पत्रात दिसते. श्रद्धा तिने पटवून घेऊन स्वीकारलेली नाही. प्रेमासारखीच ती तिच्यावर येऊन आदळली.

सेरा मरते आणि बेंड्रिक्स त्याच सापळ्यात पाय टाकतो. तिला पळवणारा प्रतिस्पर्धी देव, म्हणून तो देवाचा द्वेष करतो, आणि द्वेष करायचा तर समोर कुणीतरी आहे हे मान्य करावं लागतं. माझं सगळं लुटलंस, आता मला सोड, असं तो शेवटी देवालाच सांगतो, म्हणजे न मानता प्रार्थनाच करतो. शेवटाकडे घुसडलेले चमत्कार मात्र मला खटकतात. ते ग्रीनलाही खटकले असावेत; वक्त्याच्या गालावरचा जन्मजात डाग नाहीसा होतो, तो पुढच्या आवृत्तीत त्याने ताणामुळे होणारा त्वचाविकार करून टाकला.

या पुस्तकांमुळे धर्मगुरूंसह असंख्य लोक आपल्या अडचणी घेऊन ग्रीनकडे येऊ लागले. 'कॅथलिक कादंबरीकार' या शिक्क्याला तो वैतागला. मी कादंबरीकार आहे आणि योगायोगाने कॅथलिक आहे, असं सांगत राहिला. १९५९ मध्ये तो काँगोतल्या एका कुष्ठरोग वसाहतीत राहून आला आणि त्यातून 'अ बर्न्ट-आउट केस' आली. तिचा नायक क्वेरी हा चर्चं बांधणारा प्रख्यात वास्तुविशारद. त्याची देवावरची श्रद्धा संपलीय आणि स्त्रीबद्दलची इच्छाही. या दोन्ही गोष्टी एकदमच विझल्या आहेत, हे महत्त्वाचं. वासना हरली आणि श्रद्धा जिंकली असं ग्रीनच्या जगात होत नाही; एक गेली की दुसरीचाही प्राण जातो.

त्यानंतरच्या कादंबऱ्यांत नरकाचं भय ओसरत जातं. १९८२ च्या 'मॉन्सिन्योर किहोते'मध्ये एक भोळा धर्मगुरू आणि एक कम्युनिस्ट माजी महापौर स्पेनमध्ये गाडीतून भटकतात, वाइन पितात, वाद घालतात, आणि आपल्याला शंका येतात या एकाच गोष्टीवर त्यांचं जुळतं. पुस्तक गोड आहे, पण जुना दाह त्यात नाही, आणि कारण उघड आहे: नियम तोडल्याची किंमत मोजावी लागेल यावर लेखकाचाच पुरता विश्वास उरला नव्हता. तो स्वतःला कॅथलिक अज्ञेयवादी म्हणवू लागला होता. ३ एप्रिल १९९१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या व्हवे इथे तो वारला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या स्पेनमधल्या भटकंतीत सोबत असलेले फादर दुरान मरणाआधीचे शेवटचे संस्कार द्यायला आले होते.

ग्रीन नव्याने वाचणाऱ्यांनी 'द पॉवर अँड द ग्लोरी'पासून सुरुवात करावी. तिथले नियम कथेतच कळत जातात. मग 'द एंड ऑफ द अफेअर', तीही मधल्या सेराच्या डायरीपाशी न थांबता. 'द हार्ट ऑफ द मॅटर' त्यानंतर, आणि ती संपल्यावर ऑर्वेलचं परीक्षण जरूर शोधून वाचावं. 'ब्रायटन रॉक' कधीही चालेल, फक्त झोपायच्या आधी नको.